दोन चमच्यांची कांडी

तारीख १० एप्रिल १९५५, रविवार. बर्फ दहा शेर, मीठ तीन शेर, मोहाची दारू सोळा चमचे. हजर माणसे चार: मी, माझी बायको, खानसामाभाऊ आणि त्याचा मुलगा नामदेव. जागा मूल गाव, जिल्हा चांदा, आमच्या घराचे मागचे अंगण. वेळ संध्याकाळी पाच.

खानसामाभाऊने घरून झाकून आणलेल्या लोट्यातला एक थेंब डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर घेतला, जिभेने टिपला आणि एक डोळा मिटून तो आमच्या कडुनिंबाकडे बघत राहिला. तिथे झाडावर काही लिहिलेले असावे आणि ते त्याला एकाच डोळ्याने वाचता येत असावे, असे वाटे.

"अजून बोलून नाई राह्यला," तो म्हणाला. अर्धे लिंबू पिळले. पुन्हा थेंब, पुन्हा डोळा. "आता बोलला."

मग त्याने ते मिश्रण बांबूच्या दोन कांड्यांत ओतले. तुमच्यापैकी ज्यांनी उन्हाळ्यात घरी बर्फाची कांडी केली असेल त्यांनी पत्र्याच्या नळ्या वापरल्या असतील. खानसामाभाऊ बांबू वापरी. बोटाएवढ्या जाडीच्या बांबूचे एक पेर, खाली गाठ तशीच ठेवलेली, आणि बाहेरून इतके तासलेले की उन्हात धरले तर आतले पाणी हलताना दिसावे. मध्ये बांबूचीच काडी उभी. अर्ध्या पिंपात फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, त्यात ही पेरे गळ्यापर्यंत पुरायची, वरून ओले पोते. एका पेरात बरोबर सोळा चमचे मावत. हे मी मोजले होते. त्याने कधी मोजले नव्हते.

मी तेव्हा मूलच्या एका भाताच्या गिरणीत मुनीम होतो. खानसामाभाऊ आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत राही. त्याचे नाव मला माहीत आहे, पण गावात ते कोणी वापरले नाही, तेव्हा मीही वापरत नाही. त्याने जंगलातल्या बंगल्यावर सव्वीस वर्षे खानसाम्याचे काम केले. त्याच्याच हिशेबाने: साहेब पाच, मेमसाहेब तीन, कुत्री एक. त्यांपैकी कुत्रीबद्दल तो आदराने बोले.

सव्वीस वर्षे त्याने दुसऱ्यांचे पेले भरले आणि स्वतः कधी घोट घेतला नाही. हाताच्या पालथ्या बाजूवरचा तो थेंब हीच त्याची मर्यादा. पण चव मात्र प्रत्येक पेल्याची पाठ होती. साहेब गेले, बंगल्यावर आपले अधिकारी आले, त्यांना चहा पुरे होता. खानसामाभाऊ गावी परतला तो डोक्यात तीस-चाळीस पेल्यांच्या चवी घेऊन, आणि त्या ठेवायला त्याला जागा नव्हती.

ती जागा त्याला आदल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात सापडली. बाजारातल्या शरबतवाल्याकडे चांद्याहून मोटारीने बर्फ येई. एकदा मुलीच्या वाढदिवसाला मी पाच शेर आणला. खानसामाभाऊने कुंपणापलीकडून तो पाहिला आणि विचारले, "मुनीमजी, याचं करून काय राह्यले?"

"पन्ह्यात टाकू."

"पन्ह्यात?" त्याला खरेच वाईट वाटले. "हिऱ्यानं सुपारी फोडता का?"

त्या दिवशी त्याने आम्हाला साहेबाचा संध्याकाळचा पेला गोठवून खायला घातला. दारू अजिबात नाही. लिंबू, खडीसाखर, धने भिजवलेले पाणी, आणि कडवटपणासाठी रात्रभर भिजवलेला काडेचिराईत. साहेब हिवतापासाठी कुनैनचे पाणी घेत, त्याची ती जागा. माझ्या बायकोने कांडी हातात घेतली, पण तोंडाला लावेना.

"यात दारू तर नाही ना, भाऊ? सोवळ्याओवळ्याचं घर आहे."

"दारू नाई बाई. दारूची आठोन आहे फक्त."

तिने चाखली आणि तोंड वाकडे केले. "हे औषध आहे की खाऊ?"

"साहेब यालेच खाऊ म्हने."

दुसरी कांडी तिने स्वतः मागितली. मागितली, हे चूक लिहिले. ती मागण्यापूर्वीच त्याने ती तिच्यापुढे धरली होती. ही त्याची सवय होती आणि तिचा त्याला अभिमान होता. आमच्याकडे जेवायला बसला तरी त्याचे लक्ष दुसऱ्यांच्या पेल्याकडे. पाणी दोन बोटे उरले की तांब्या वाकलाच. मी एकदा म्हणालो, "अरे, आम्ही मागू की."

"मागाले लावलं तं मंग खानसामा कशाले पायजे?" तो म्हणाला. "मागाच्या आंधी भरा लागते."

त्या उन्हाळ्यात त्याने नऊ प्रकारच्या कांड्या केल्या. कैरी, पुदिना आणि मिरीची. बेलफळाची. वाळलेली मोहफुले उकळून आले घातलेली, जिला तो 'मेमसाहेबची' म्हणे, कारण तिसऱ्या मेमसाहेबला बंगल्यावर फक्त तीच एक गोष्ट आवडली होती. गल्लीतली माणसे कडेला उभी राहून चोखत आणि उगाच डोलण्याचे सोंग करीत. खानसामाभाऊ हसत नसे. तो प्रत्येकाच्या कांडीकडे बघत असे, किती उरली ते.

आता नामदेवविषयी.

तो एकुलता एक. आई लहानपणीच गेली, म्हणून बापाबरोबर बंगल्यावर वाढला आणि पेले विसळायचे काम त्याच्याकडे आले. पेल्यात तळाशी काही ना काही उरतेच. बापाने जे सव्वीस वर्षांत केले नाही ते मुलाने दहाव्या वर्षी केले. सव्विसाव्या वर्षी त्याला सकाळी उठून पाणी प्यायलाही दोन्ही हात लागत. अंगात एक सज्जनपणा होता, आवाज कधी चढत नसे. पण कामावर टिकेना. त्याची बायको सखू दोन वर्षे थांबली आणि त्या होळीला आरमोरीला माहेरी गेली. जाताना सासऱ्याला सांगून गेली, "मामाजी, मिरगाले याईन. तवापर्यंत यायनं दारू सोडली असन तं राहीन. नाई तं माही वाट नोका पाहू."

मृग म्हणजे ७ जून. होळी झालेली. हातात तीन महिन्यांपेक्षा कमी.

दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे आम्ही तिघे गेलो होतो. ते म्हणाले, एकदम बंद करू नका, अशा माणसाला झटके येतात. उतरत्या मापाने द्या. मी उतरते माप लगेच मांडायला लागलो. पण पेल्यात दिली की नामदेव एका घोटात संपवी आणि रिकाम्या पेल्याकडे असा बघे की बापाला बघवत नसे. कांडीची कल्पना खानसामाभाऊची. बर्फ घोटता येत नाही, चोखावा लागतो. सोळा चमच्यांच्या कांडीला वीस मिनिटे लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिले.

कोष्टक मी केले. रोज दोन कांड्या, एक संध्याकाळी, एक भुशात पुरून ठेवून सकाळी. पहिले चार दिवस कांडीत आठ चमचे दारू, आठ चमचे लिंबूपाणी. दर चार दिवसांनी एक चमचा दारू कमी. १२ मे रोजी शून्य. पुढचे सव्वीस दिवस नुसती आठवण, आणि मग मृग.

बाटली आमच्या घरात नको, असे बायकोने सांगितले होते. म्हणून दारू घालून मिश्रण खानसामाभाऊ आपल्या घरी करी आणि गोठवायला आमच्या अंगणात आणी. औषधाचा सपाट चमचा मी त्याला दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला. "साहेब डोळ्यानं पाहून सांगे, कमी हाय. तुम्ही चमच्यानं पाहून सांगता. बंगल्यावर टिकले नसते तुम्ही."

दारू जास्त असली तर कांडी नीट गोठत नाही. पहिल्या दिवशीची काडीवरून घसरत होती, ती वाटीत घेऊन खावी लागली. मी वहीत लिहिले, 'चिखल'. सहा चमच्यांना ती काडीला धरून राहिली, पण दाबली तर बोट रुते. लिहिले, 'गूळ'. चार चमच्यांना दातांनी तुटली. ३० एप्रिलला, तीन चमच्यांना, मी अंगठ्याचे नख लावले तर नख उमटले नाही. लिहिले, 'दगड'. बर्फ तोच, मीठ तेच, वेळ तीच, अडीच तास. कांडीचा कडकपणा म्हणजे नामदेवची तब्येत, असे आम्हा सगळ्यांना वाटू लागले. माझी मुलगीसुद्धा शाळेतून आल्यावर विचारी, "आज दगड का?"

खरेच तो सुधारत होता. भाकरी खाऊ लागला. गिरणीत पोती शिवायचे काम मी त्याला दिले आणि ते त्याने अकरा दिवस न चुकता केले. हात कापत, सुईत दोरा जायला वेळ लागे, पण टाके सरळ असत. एकदा मला म्हणाला, "मुनीमजी, बाबूजीले सांगा नं, माह्याकडे पाहू नोको म्हना. पोतं शिवून राह्यलो तरी गिरणीच्या कुंपणाआडून पाह्यते."

मी सांगितले. खानसामाभाऊ म्हणाला, "हात पाह्यतो त्याचे. किती कापते ते."

५ मे, गुरुवार. कोष्टकाप्रमाणे दोन चमचे. संध्याकाळी साडेसातला मी पेर पिंपातून काढले, तळव्यात फिरवून ऊब दिली आणि काडी ओढली. काडी एकटीच हातात आली. आतले मिश्रण वाटीत ओतले तर पहिल्या दिवसासारखे. चिखल.

मी दुसरे पेर काढले. तेही तसेच.

बर्फ मी स्वतः तोलून घेतला होता. मीठ स्वतः घातले होते. घड्याळ खिशात होते. ज्या तीन गोष्टी चुकू शकत होत्या त्या तिन्ही माझ्या हातच्या होत्या आणि चुकल्या नव्हत्या. राहिली चौथी. बायको आणि मुलगी पडवीत होत्या. खानसामाभाऊ पिंपाजवळ बसला होता, हातात तो सपाट चमचा. नामदेव कडुनिंबाखाली हात धुऊन उभा होता.

मी त्याला सगळ्यांसमोर विचारले. विचारले म्हणजे सिद्ध करून दाखवले. दोन चमच्यांची कांडी दगड होते, ही चिखल आहे, याचा अर्थ यात आठाच्या आसपास चमचे आहेत, बाटली तुमच्या घरात आहे, बापाने दोन घातले असणार, तेव्हा उरलेले सहा कोणी घातले? मी ओरडलो नाही. मी कधी ओरडत नाही. वही उघडून तारखा वाचल्या.

नामदेवने बापाकडे पाहिले. बाप चमच्याकडे बघत होता.

मग नामदेव म्हणाला, "म्या टाकली."

"काऊन टाकली?" हे मी त्याच्याच बोलीत विचारले, त्याला टोचावे म्हणून. ते मला आजही आठवते.

"तलफ आली. टाकली."

"पंचवीस दिवस पाण्यात घातलेस. सखूला काय सांगणार?"

वाटी उचलून त्याने कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतली, पालथी घातली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीने तो कुरखेड्याच्या बाजूला निघून गेला, बांबू तोडायच्या कामावर. बापाला एवढेच म्हणाला की मिरगाच्या आधी येतो.

मी वहीत ५ मेच्या पुढे 'चिखल' लिहिले आणि खाली रेघ मारली.

खानसामाभाऊ चार दिवस आमच्या अंगणात आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी आला तो पडवीच्या पायरीवर बसला. बायकोने पाणी दिले. तांब्या त्याने बाजूला ठेवला.

"मुनीमजी, ते त्यानं नोयते टाकलं."

मला कळले नाही.

"म्या टाकलं. त्या दिशी दुपारी पोतं शिवाले बसला होता. सुई टोचे, रक्त निघे, पुसे, पुन्हा टोचे. तोंडानं नाई बोलला काई. मागितली नाई त्यानं. तो मागनारच नोयता." त्याने आपल्या हातांकडे पाहिले. "माह्या हाताले दुसरं येतेच काय? समोरच्याचं कमी दिसलं का हात जाते. सव्वीस वर्सं हेच केलं. दोन टाकले, अन् मंग टाकतच गेलो. मोजले नाई."

"मग त्या वेळी का नाही सांगितलं?"

"सांगाचं होतं. तुम्ही वही वाचून राह्यले होते." मग म्हणाला, "तुमचे आकडे बराबर होते. पन त्यानं माह्याकडे पाह्यलं, मुनीमजी. समजलं होतं त्याले. अन् म्या चमचा पाह्यत बसलो. पोराच्या समोर चोर व्हाची लाज वाटली. तं तोच झाला चोर."

मला या माणसावर रागवायचे होते. पण वही माझी होती.

ठरले असे की दोघांनी दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने कुरखेड्याला जायचे आणि नामदेवला घेऊन यायचे. मी गिरणीतून दोन दिवसांची रजा काढली. बायकोने वाटेसाठी भाकऱ्या करायला घेतल्या. खानसामाभाऊने बाजारातून नवी गांधी टोपी आणली, कारण मुलाची माफी मागायला जुन्या टोपीने कसे जायचे, असे त्याला वाटले. हे त्याने मला सांगितले नाही. बायकोला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही निघण्याच्या आधीच, कूपातला, म्हणजे जंगलातल्या बांबूतोडीच्या पट्ट्यातला, एक माणूस आला. गोंड म्हातारा होता, पायांत चपला नव्हत्या. नामदेव त्याच्याच टोळीत होता. तो उभ्यानेच बोलला. पोरगा कामाला चांगला होता. पाचव्या दिवशी दुपारी बांबू ओढताना अंग कडक झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला आणि तो तिथेच पडला. पाणी तोंडात जाईना. दिवस मावळायच्या आत गेला. ऊन लागले असेल, असे ठेकेदाराचा माणूस म्हणाला. तिथेच नाल्याकाठी त्याला माती दिली.

खानसामाभाऊने एकच प्रश्न विचारला. "पिला होता?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. "टोळीत आमी सारेच घेतो. पहिल्याच दिशी त्याच्याबी हातात दारूचा पानाचा दोना देला. त्यानं वापस केला. म्हने, माही बायको येनार हाय. थंडीवानी कापे रातभर, पन नाई घेतली."

डॉक्टरांना मी नंतर विचारले. ते म्हणाले, उन्हाने असेल, किंवा एकदम सोडल्यानेही असेल, आता सांगता येणार नाही. मी आयुष्यभर आकडे जुळवले आहेत. हा जुळत नाही. आमच्या दोन चमच्यांवर तो राहिला असता तर पुढच्याच आठवड्यात शून्यावर आला असता.

१२ मेला आम्ही दोघे आरमोरीला गेलो. सखू अंगणात धान पाखडत होती. खानसामाभाऊ सावलीत गेला नाही, उन्हातच उभा राहिला, आणि त्याने आधी मुलगा गेल्याचे सांगितले नाही. आधी हे सांगितले: "सखू, त्यानं सोडली होती. मधात टाकली ते म्या टाकली. त्यानं माही चोरी आपल्या आंगावर घेतली. हे आंधी आयकून घे."

मग दुसरे सांगितले.

सूप सखूच्या हातातच होते. पलीकडे भिंतीला टेकून एक गाठोडे ठेवलेले होते, वर तिची नवी चप्पल, सुतळीने बांधलेली. मृगाला अजून सव्वीस दिवस होते आणि तिने ते आताच बांधून ठेवले होते. तिने गाठोड्याकडे पाहिले, मग सासऱ्याकडे.

"मंग मामाजी, आता म्या कोनाच्या घरी येऊ?"

तिच्या आईने आतून पाणी आणले. खानसामाभाऊने ते घेतले, आणि मी प्रथमच पाहिले की माझा पेला रिकामा झाला तरी त्याचे लक्ष गेले नाही.

परतीच्या मोटारीत तो बसला नाही. मी त्याला तिकिटाविषयी विचारले तर म्हणाला, "तुम्ही जा. म्या कुरखेड्याले जातो. नाला पाहून येतो." टोपी नवी होती, कडक, डोक्यावर नीट बसत नव्हती. रस्ता सरळ होता, त्यामुळे ती बराच वेळ दिसत राहिली. तो मूलला परत आला नाही. पावसाळ्यानंतर मी एकदा कुरखेड्यापर्यंत जाऊन आलो. कूप बंद होता, टोळ्या पांगल्या होत्या, आणि असा माणूस पाहिल्याचे कोणी सांगू शकले नाही. त्याच्या दोन खोल्या मालकाने दुसऱ्याला दिल्या.

नामदेवची पाच दिवसांची मजुरी त्या म्हाताऱ्याने आणून खानसामाभाऊच्या हातात ठेवली होती. त्याने ती मोजली नाही, माझ्याकडे दिली. सात रुपये तेरा आणे. ती मी १२ मे १९५५ रोजी, मोटार सुटण्यापूर्वी पुन्हा मागे जाऊन, सखूच्या हातात दिली.